खदानीच्या वाटेवरची मेंढरं

या ग्रुपवरचे अनुभव मी बरेच महिने नुसते वाचतेय. खरं सांगायचं तर आधी हसायला म्हणून वाचायचे. मी केमिस्ट्रीची एम.एस्सी. आहे आणि प्रदूषण नियंत्रणाच्या सरकारी खात्यात नोकरीला. पाण्याचे नमुने घ्यायचे, धुराडी तपासायची, कुणी चोरून कचरा-केमिकल टाकलं तर केस करायची, हे माझं काम. नवरा बीडमध्येच क्लासेसला फिजिक्स शिकवतो. आमच्या घरात भुताखेतांचा विषय निघाला की आम्ही दोघं मिळून समोरच्याची चेष्टा करायचो... त्यामुळे हे लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटतेय. पण दोन उन्हाळे झाले, डोक्यातून जात नाही. गावाचं नाव आणि माणसांची खरी नावं देत नाही, कोर्टात केस चालू आहे.

मे महिना होता. सोलापूरच्या हायवेने लांबलांबच्या कारखान्यांचे केमिकलचे टँकर जातात. हे केमिकल नियमाप्रमाणे प्रक्रिया करून नष्ट करायचं तर खर्च येतो, म्हणून काही जण काय करतात – मांजरसुंब्याच्या घाटाच्या अलीकडे-पलीकडे हायवे सोडायचा, डोंगरात शिरायचं, आणि एखाद्या नाल्यात किंवा बंद पडलेल्या खदानीत टँकर रिकामा करून निघून जायचं. माणूसवस्ती नाही, कोण बघतंय? आम्ही पोचेपर्यंत नेहमी नुसता पिवळा ओघळ राहिलेला असायचा. एकदासुद्धा टँकर हातात सापडला नव्हता.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या आधीच फोन आला. माणसाने नाव सांगितलं नाही.

"मॅडम, मुरुमाच्या खदानीकडं टँकर वळलाय. रिकामा करायलेत बगा. आत्ता निघाल तर घावतील."

मी डबा तसाच ठेवला. सॅम्पलच्या बाटल्या, हातमोजे, दुर्बीण, कॅमेरा घेतला आणि इसाकभाईंना म्हटलं, चला. इसाकभाई आमचे ड्रायव्हर. रिटायरमेंटला आलेले, माझ्या वडिलांच्या वयाचे. जिल्ह्यातली एकेक पायवाट त्यांना पाठ. पोलिसांना फोन केला, ते म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, आम्ही येतो.

कपिलधारचा फाटा मागे टाकला आणि थोड्या अंतरावर हायवे सोडून कच्च्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना दगडांचे बांध, मधून एकच गाडी जाईल एवढी वाट. इथून पुढे मोबाइलला रेंज नाही. डोंगराला वळसा घेतला की वाट सरळ खाली खदानीत उतरते. खदान म्हणजे मुरूम काढून काढून झालेला मोठा खड्डा, तळाला पावसाचं साठलेलं पाणी. मी तिथे आधी एकदा गेले होते. खाली पाण्यापर्यंत गाडी नेता येते, ते माहीत होतं. डोक्यात एकच – थेट खाली गाडी घालायची, टँकरच्या पुढे आडवी लावायची, नंबरचा फोटो काढायचा.

वळणाच्या जरा अलीकडे इसाकभाईंनी ब्रेक मारला.

समोर मेंढरं. काळी, आपल्याकडची असतात तशी, पाठीवर लाल रंगाचा पट्टा मारलेली. पूर्ण वाट भरून उभी. मेंढपाळ कुठे दिसेना. इसाकभाईंनी हॉर्न दिला. एकही हललं नाही. परत दिला, दाबूनच धरला. नाही. मी म्हटलं, हळूच पुढे घ्या, सरकतील. त्यांनी गाडी इंच इंच पुढे घेतली. बंपर एका मेंढराला टेकला... आणि गाडी थांबली. इंजिन घरघरतंय, चाकं खडीवर घासतायत, आणि ते मेंढरू जागचं हलेना. भिंतीला गाडी लावल्यासारखं.

"रिव्हर्स घ्या," मी म्हटलं.

इसाकभाईंनी आरशात पाहिलं आणि गिअरवरचा हात काढला. मी मागे वळले. मागची वाटही भरली होती. ती कधी आली, बांधावरून उतरली की कशी, मला सांगता येणार नाही. थोड्या वेळाने दोन्ही बाजूंनाही आली, अगदी दाराला खेटून. मी दार उघडायला गेले तर बोटभरसुद्धा फट पडेना.

"उतरू नका मॅडम."

"का?"

"ही जनावरं बराबर न्हाईत." ते हळू आवाजात म्हणाले. "एवढ्या उन्हात मेंढरू असं मान वर करून उभं ऱ्हातंय व्हय? एकामेकाच्या पोटाखाली डोकं घालत्यात ती. आन् एक तरी ओरडायलंय का बगा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाहेर काहीच आवाज नव्हता. एवढा मोठा कळप, आणि ना बें बें, ना खुरांचा आवाज. पुढच्या एकाच्या गळ्यात घंटा होती, तीही वाजत नव्हती. सगळी आमच्याकडे तोंड करून उभी होती. माझ्या खिडकीला लागून एक मेंढी होती, तपकिरी तोंडाची, डावा कान मधोमध फाटलेला. तिचे डोळे माझ्यापासून वीतभर अंतरावर. काचेवर तिच्या श्वासाची वाफ यायला हवी होती. काच कोरडी होती. मी त्या वेळी त्याचा काही अर्थ लावला नाही. मला नुसता राग येत होता.

कारण वळणाच्या पलीकडून आवाज यायला लागला होता. पंपाचा. टँकर रिकामा करतानाची ती घरघर मला झोपेतसुद्धा ओळखू येईल. म्हणजे माणसं तिथेच होती, काम चालू होतं, आणि मी हाकेच्या अंतरावर मेंढरांच्या कळपात अडकून बसले होते.

किती वेळ म्हणून हॉर्न वाजवला! काच ठोकली, ओरडले. इसाकभाई तोंडातल्या तोंडात दुवा म्हणत होते. गाडीचा एसी कधीचाच बंद. काच खाली करायची हिंमत होईना. पत्रा असा तापला होता की हात लावता येत नव्हता. पाण्याची बाटली संपली. आणि बायकांना कळेल म्हणून लिहिते – मला बाथरूमला जायचं होतं, आणि शेजारी वडिलांच्या वयाचा माणूस. लाज, राग, घाम, सगळं एकत्र झालं आणि मी रडले. इसाकभाईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं आणि हॉर्न वाजवत राहिले. आपल्याला या डब्यातून कधीच बाहेर पडता येणार नाही, असं मला त्या वेळी अगदी शांतपणे वाटून गेलं. भीतीही नाही, नुसती खात्री.

मग पंप थांबला. समोरच्या डोंगराच्या उतारावर दुसरी वाट आहे, तिच्यावरून टँकरची मागची बाजू वर चढताना दिसली. धूळ एवढी की नंबर दिसेना. कॅमेऱ्यातही नुसती धूळच आली. टँकर गेला. नोकरीतला पहिला टँकर, हातात आलेला, माझ्या डोळ्यांदेखत निघून गेला.

तरीही मेंढरं हलली नाहीत. ऊन कलायला लागलं, डोंगरावरून जरा वारा सुटला, आणि मग ती सगळी एकदम वळली. हाकल्यासारखी नाही, घाईनेही नाही. वळणाकडे चालत गेली आणि खदानीच्या उतारावर दिसेनाशी झाली. वाट मोकळी.

मी दार उघडलं आणि आधी बांधाआड पळाले. परत आले तेव्हा इसाकभाई गाडीच्या पुढे उकिडवे बसून जमिनीकडे बघत होते.

"मॅडम, एक लेंडी न्हाई. एक खूर उठलेला न्हाई."

मी म्हटलं, जमीन कडक आहे. पायी वळणापर्यंत गेलो. गाडी नेण्याचं दोघांच्याही मनात आलं नाही. वळणावर वरून कुणीतरी किंचाळलं.

"खाली जाऊ नगा! ए बाई, खाली जाऊ नगा!"

खदानीच्या वरच्या टेकाडावर एक म्हातारी बसली होती, लुगड्याचा पदर तोंडावर दाबून. तिचं नाव गयाबाई. आम्ही तिच्याकडे चढून गेलो आणि तिथून खाली पाहिलं.

तळाच्या पाण्यावर पिवळट फेस होता. सडक्या अंड्यांचा वास इथवर येत होता. आणि पाण्याकाठी सगळीकडे मेंढरं पडली होती. काळी, पाठीवर लाल पट्टे. पोटं फुगलेली, पाय ताठ झालेले. मला पटकन काही कळलंच नाही. मी म्हटलं, "अहो, आत्ता तर खाली उतरली..."

"आत्ता?" गयाबाई म्हणाली. "सकाळधरनं पडल्यात माय. उजाडता उजाडता टँकर वतून गेला म्हनं कोनतरी. आमाला काय ठावं! पान्याला आनली तर म्होरची पडली, तिच्या मागं दुसरी, तिच्या मागं तिसरी... मालक खाली पळायला लागला तर म्या त्याच्या कमरेला मिठी मारली. सोडलंच न्हाई. आता गावात गेलाय पोलिसाला आनाया. म्या हितंच बसलीय. दुपारी दुसरा टँकर आला पल्याडनं. लई बोंबलले, पर ऐकत्यात व्हय."

"तुम्ही हॉर्न ऐकला का?" मी विचारलं.

"ऐकला की. लई येळ वाजत हुता. म्हनलं कोन येडं हाय."

मी दुर्बीण लावून पाहिलं. पाण्याच्या अगदी कडेला एक मेंढी पडली होती. तपकिरी तोंड. डावा कान मधोमध फाटलेला. दुर्बीण मी इसाकभाईंकडे दिली. त्यांनी पाहिलं आणि परत दिली.

संध्याकाळी तोंडाला मास्क लावलेली, केमिकल अपघातांची टीम आली, पोलीस आले. टीमच्या साहेबांनी सांगितलं ते तुम्हालाही समजेल. सकाळच्या टँकरमध्ये ॲसिड होतं, खड्ड्यात साचलेल्या त्याच्या वाफांनीच मेंढरं गेली; दुपारच्यात गंधक असलेलं केमिकल. दोन्ही एकत्र आली की विषारी वायू होतो. तो हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात साचून राहतो. दुपारी वारा पडलेला होता. टँकरवाले वरच्या काठावर होते म्हणून वाचले. "त्या वेळी कुणी गाडी घेऊन तळाला गेलं असतं," साहेब म्हणाले, "तर दार उघडायलाही वेळ मिळाला नसता." मला पुस्तकात हे सगळं शिकवलेलं होतं. तरीही मी थेट खालीच जाणार होते.

इथवर ऐकून लोक म्हणतात, देवाने वाचवलं, पेढे वाटा. पण खरी कोंडी पुढेच झाली.

आमच्या गाडीला जीपीएस आहे. गाडी भर दुपारी खदानीच्या अलीकडे तासन् तास उभी होती आणि तेवढ्याच वेळात टँकर रिकामा होऊन पळाला, हे ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर स्वच्छ दिसत होतं. मला कारणे दाखवा नोटीस आली. पैसे खाऊन थांबली, असं बोललं गेलं. एक बाई आणि ड्रायव्हर, आडरानात, एवढा वेळ... याच्यावरही बोललं गेलं. ते मी इथे लिहीत नाही. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "मला समजत नाही. पण तू खोटं बोलत नाहीस."

मी ऑफिसच्या साहेबांना सांगणार होते – मेंढरांनी वाट अडवली होती. कुणाची मेंढरं, माहीत नाही. पण त्याच्या आधीच एक माणूस घरी आला. सकाळचा टँकर तेवढा पोलिसांना सापडला होता, हायवेवरच्या एका धाब्याच्या कॅमेऱ्यात त्याचा नंबर आला होता. हा माणूस त्या टँकरमालकाकडून आला होता. नीट कपडे, गोड बोलणं.

"ताई, तुम्हाला खोटं बोला म्हणायला आलो नाही. उलट खरं सांगा. तुमच्या ड्रायव्हरने चहाच्या टपरीवर सांगितलंय सगळं. लाल पट्ट्याची मेंढरं दुपारी जिवंत होती, तुमच्या गाडीपुढे उभी होती. एवढंच कोर्टात सांगायचं. तुमच्यावरचा डागही जाईल."

तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं, मी कुठे अडकलेय ते. मेंढरं दुपारी जिवंत होती, असं मी सांगितलं की सकाळच्या टँकरने ती मेली नाहीत, असा अर्थ होतो. मग तो मालक सुटणार. दुपारचा टँकर तर सापडलेलाच नाही. गयाबाई आणि तिचा नवरा भिवातात्या खोटे पडणार. आणि मी जे पाहिलं ते सांगितलं नाही, तर मी लाचखाऊ. कुठल्याही बाजूला सरकायला जागा नाही... परत त्याच गाडीत बसल्यासारखं.

इसाकभाईंना टपरीवर बोलल्याचा फार पस्तावा झाला. मला न विचारता ते साहेबांकडे गेले आणि म्हणाले, माझ्या छातीत कळ आली होती, मीच गाडी थांबवली, मॅडम मला पाणी पाजत बसल्या. माझ्याकडे येऊन म्हणाले, "माजी नोकरी किती ऱ्हायलीय? तुमची लई हाय." साहेबांना ते पटलं असेल असं नाही, पण नोटीस ताकीद देऊन मिटली. माझी बदली झाली, टेबलावर. कुजबुज मिटली नाही, ती अजूनही आहे.

मागच्या हिवाळ्यात बीडच्या कोर्टात माझी साक्ष निघाली. आदल्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सरकारी वकिलांनी विचारलं त्याची उत्तरं दिली. मग त्यांचा वकील उठला. इकडचं तिकडचं विचारलं आणि मग जवळ आला.

"मॅडम, शपथेवर आहात. त्या दिवशी दुपारी, खदानीच्या वाटेवर, लाल पट्ट्याची मेंढरं जिवंत पाहिली की नाही? हो किंवा नाही."

समोर बाकावर भिवातात्या बसले होते, मांडीवर पटका ठेवून. तोंड उघडलं आणि माझाच आवाज मला ऐकू आला.

"नाही. मी त्या वाटेवर जिवंत मेंढरू एकही पाहिलं नाही."

वकिलाने हातातला कागद उलटून पाहिला. त्याला काहीतरी निसटल्यासारखं वाटलं असावं. पण पुढचा प्रश्न तो विचारणार कसा? भर कोर्टात, न्यायाधीशांपुढे? तो म्हणाला, "नो फर्दर क्वेश्चन्स," आणि बसला. मी शपथेवर खोटं बोलले नाही. मी हे आजवर शंभरदा तपासून पाहिलंय.

केसचा निकाल अजून लागायचा आहे. खदानीला आता तारेचं कुंपण आहे. मला विचाराल तर माझे सगळे तर्क करून झालेत. उन्हाने डोकं फिरलं म्हणावं, तर दोघांचं एकसारखं कसं फिरेल? वायूचा थोडा अंश आमच्यापर्यंत आला म्हणावं, तर वारा पडलेला होता आणि आम्ही चढावर होतो. दुसराच कळप म्हणावा, तर त्या डोंगरात तशा पट्ट्याचा दुसरा कळप नाही, मी गावोगाव विचारून आले. नवऱ्याने तर कागदावर आकृत्या काढल्या आणि नंतर फाडून टाकल्या. उत्तर मिळालेलं नाही. इथे कुणाकडे असेल तर सांगा.

साक्ष झाली त्या दिवशी मी कोर्टाच्या आवारात लिंबाखाली चहा घेत होते. गयाबाई शेजारी येऊन बसली. टपरीवरची गोष्ट फिरत फिरत तिच्यापर्यंतही गेली होती.

"माय, खरं सांग. आलती का?"

मी मान हलवली. खोटं बोलवलं नाही.

"समदी?"

"मोजली नाहीत आजी. पण वाट भरली होती."

तिने चहा बशीत ओतला, प्याली नाही. कोर्टाचा शिपाई कुणाच्या तरी नावाचा पुकारा करत होता. तो संपेपर्यंत ती थांबली.

"म्या वर टेकाडावर बसलीवती," ती म्हणाली. "दिसभर. एकलीच. वळणावरनं त्येंनी नदर वर टाकली अस्ती तरी मी दिसले अस्ते. लहानाची मोठी केली म्या. माज्या हाताचं खाल्लंय त्येंनी."

मग माझ्याकडे वळली. रागाने नाही. मी शिकलेली आहे, मला माहीत असेल अशा भरवशाने तिने विचारलं –

"मंग माज्याकडं का न्हाई आली?"